खूण की खोक? – नाण्यावरची टाकसाळीची खूण ओळखायची कशी



मागच्या सेमिस्टरची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलमध्ये निम्मे लोक सबमिशनच्या फायली लिहीत होते, निम्मे त्या कुणाच्या फायलीवरून लिहायच्या ते शोधत होते. एवढ्यात माझा रूमपार्टनर दार ढकलून आत आला. "भावा, एक्झाम फॉर्मचे पैसे अजून भरले नाहीस ना? दोन दिवस मला दे. चाळीस हजार येणार आहेत."

त्याच्या हातात दोन रुपयांचं जुनं, अकरा कोनांचं नाणं होतं. चहाच्या टपरीवर सुट्ट्यात मिळालेलं. सनाच्या खाली एक टिंब, आणि ते टिंब वर आलेलं नव्हतं, आत गेलेलं होतं! मोबाईलवर कुठल्यातरी 'खरेदीदारा'ने सांगितलं होतं की हे टाकसाळीच्या चुकीचं दुर्मिळ नाणं आहे, चाळीस हजार देतो, फक्त आधी नोंदणीचे अठराशे पन्नास रुपये यूपीआयने पाठवा. त्याच्याकडे नऊशे होते. उरलेले माझ्या फॉर्मच्या पैशातून जाणार होते.

मी नाही म्हटलं असतं तर तो चिडला असता, हो म्हटलं असतं तर मी बुडालो असतो. म्हणून मी म्हटलं, "सकाळपर्यंत थांब. आपण इंजिनिअर आहोत, आधी मोजूया, मग मोडूया." त्या एका रात्रीने आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या वाचनाने मला जे शिकवलं, ते तुमच्यासमोर ठेवतो. त्या नाण्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. (पान उलटून आधी शेवट वाचू नका!)

आधी खुणा कोणत्या, ते पाहू

आज भारतात चार सरकारी टाकसाळी आहेत. मुंबईची टाकसाळ फोर्टमध्ये, 1829 सालापासूनची. कोलकात्याची परंपरा त्याहून जुनी, पण सध्याची अलिपूरची टाकसाळ 1952 ची. हैदराबादची मूळ निजामाची, 1997 मध्ये चेर्लापल्लीला हलली. आणि सगळ्यांत धाकटी नोएडाची, तिथे 1988 पासून नाणी पडतात. 2006 साली या सगळ्या एका सरकारी महामंडळाखाली आल्या.

खिशातलं कुठलंही नाणं काढा आणि सनाच्या खाली बघा:

मुंबई – पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी आकृती.
हैदराबाद – पाच टोकांचा तारा.
नोएडा – गोल टिंब.
कोलकाता – काहीच नाही.

एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं. पण उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे, आणि सगळी फसवणूकही.

एक उदाहरण देतो. हैदराबादवर तारा कायमच नव्हता. 1950 च्या दशकातल्या हैदराबादच्या नाण्यांवर मधोमध चिरलेली चौकट दिसते, आणि 1960 च्या दशकात पोटात टिंब असलेली चौकट. आता आजोबांच्या डब्यातला एखादा नया पैसा हातात घेतलात आणि चौकट दुभंगलेली दिसली, तर पहिला विचार काय येईल? "मुंबईचं नाणं आहे, चौकटीवर ओरखडा पडलाय." चूक! ती चीर म्हणजेच खूण. उलट, मुंबईच्या चौकटीवर खरोखर ओरखडा पडला असेल तर "चिरलेली चौकट सापडली" म्हणून नाचणारेही असतात. म्हणजे खरी खूण जखमेसारखी दिसते आणि जखम खुणेसारखी. फरक कसा करायचा हाच या लेखाचा विषय.

परदेशी खुणांचंही तसंच. आपल्याकडे सुट्ट्यांची टंचाई झाली तेव्हा सरकारने काही नाणी बाहेरच्या देशांतून पाडून आणली. 1985 च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा 'एच' आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोहून आलेल्या नाण्यांवर 'एम' आणि त्याच्या डोक्यावर बारीक वर्तुळ आहे. तिकडे मुंबईच्या संग्राहकांसाठी काढलेल्या प्रूफ नाण्यांवर आधी 'बी' आणि 1996 पासून 'एम' येतो. डोक्यावरचं वर्तुळ झिजलं की मेक्सिकोचा एम मुंबईचा वाटायला लागतो. म्हणून नुसतं अक्षर वाचून थांबू नका. प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते, टपरीवर फिरून आलेल्या नाण्याची नसते.

नाणं पडतं कसं?

ज्याला नाणं कसं बनतं ते कळलं, त्याला दोष कुठे पडू शकतो ते आपोआप कळतं. आणि हे आपल्याला कळायला अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो होतो तेव्हा प्रेस आणि डाय पाहिलेतच की!

पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्या ब्लँक. मग ब्लँक फिरवत दाबून तिची कड जरा वर आणतात. मग ती चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते, खाली एक डाय, वर एक डाय, आणि एक जबरदस्त दाब. चकतीचा धातू डायच्या खोलगट भागांत शिरतो आणि कॉलरपर्यंत पसरतो. मिनिटाला शेकडो नाणी अशी पडतात.

यातून तीन प्रकारचे फरक निघतात. पहिला डायमधला: डायवरच खूण वेगळी कोरलेली, दोनदा ठोकलेली, किंवा डायला तडा गेलेला. असा फरक त्या डायच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर तस्साच येणार. दुसरा ब्लँकमधला: चकती अर्धवट कापलेली, चुकीच्या धातूची. तिसरा ठोक्यामधला: चकती सरकली, मध्ये कचरा आला, आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं. या तिन्हींच्या बाहेरचं जे काही आहे, ते नाणं टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतर झालेलं. म्हणजे साधी इजा. तिची किंमत दर्शनी किमतीइतकीच.

पहिला नियम: वर की आत?

डायवर खूण खोलगट असते, म्हणून नाण्यावर ती उठावदार येते. डायला ओरखडा पडला किंवा टवका उडाला तर नाण्यावर रेघ किंवा ठिपका वरच येणार, कारण धातू त्या खड्ड्यात शिरतो. पण नाण्यालाच ओरखडा पडला तर रेघ आत जाणार. बोटाचं नख किंवा लाकडी टूथपिक हळूच फिरवा, लगेच समजतं.

आता प्रश्न असा की आत गेलेला प्रत्येक खड्डा इजाच का? नाही! डाय आणि चकतीच्या मध्ये वंगण, धातूचा कीस किंवा चिंधी आली तर तिचा ठसा आत उमटतो, आणि ती टाकसाळीतलीच चूक. मग ओळखायचं कसं? धातू कुठे गेला ते बघा. खिळा किंवा पंच मारला की धातू बाजूला ढकलला जातो आणि खड्ड्याभोवती उंच ओठ तयार होतो. वर्कशॉपमध्ये ड्रिल मारल्यावर जी बर येते तशीच. डायच्या दाबाखाली झालेल्या खड्ड्याला असा ओठ येऊ शकत नाही, कारण आजूबाजूला डाय घट्ट टेकलेला असतो. शिवाय नाणं उलटं करून त्याच जागेची मागची बाजू बघा. कठीण जागेवर ठेवून ठोकलं असेल तर तिथली नक्षी चेपलेली असते.

खूण गायब झाली तर?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. कोलकात्याला खूणच नाही, त्यामुळे खूण नसणं हे दुर्मिळ नसून अगदी साधं आहे! "बिनखुणेचं नाणं, किंमत लाखात" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

पण कधीकधी डायमधल्या ताऱ्याच्या खड्ड्यात ग्रीस आणि कीस भरून बसतो. मग धातू आत शिरत नाही आणि तारा अर्धवट, किंवा गोळ्यासारखा येतो. हैदराबादचा तारा नोएडाच्या टिंबासारखा दिसायला लागतो. अशा वेळी खुणेच्या शेजारचे आकडे बघा. तेही पुसट, भरल्यासारखे असतील तर डाय तुंबलेला होता. आकडे धारदार आणि फक्त खूण सपाट असेल, शिवाय त्या जागेवर समांतर बारीक रेघा असतील, तर कुणीतरी कानस किंवा पॉलिश पेपर चालवलाय.

झिजेचाही एक स्वभाव असतो. हातोहात फिरून नाणं झिजतं तेव्हा आधी सगळ्यांत उंच भाग झिजतात: सिंहाची आयाळ, मोठे आकडे, कड. खूण बारीक आणि बुटकी असते, ती सहसा नंतर जाते. सिंह ताजेतवाने आणि खूण गायब, हे नैसर्गिक झिजेने होणं कठीण.

दुहेरी आकडे

सन दोनदा छापल्यासारखा दिसतो तेव्हा दोन शक्यता. डायच मुळात दुहेरी उमटलेला असेल तर दोन्ही प्रतिमा गोलाई असलेल्या, पूर्ण उंचीच्या असतात आणि अक्षरांची टोकं स्पष्ट दुभंगलेली दिसतात. पण डाय सैल बसला असेल तर ठोक्यानंतर तो किंचित घसरतो आणि आकड्याची एक बाजू चेपून पायरीसारखी सपाट करतो. पायरी दिसली की समजायचं, हा प्रेसचा खडखडाट. अशी नाणी पोत्याने सापडतात. एक सोपी खूण: घसरलेल्या डायमुळे मूळ आकडा बारीक होतो, दुहेरी डायमुळे जाड दिसतो.

चावा घेतलेलं नाणं

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नाही असं नाणं कधी सापडलंय का? पत्रा नीट पुढे सरकला नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती अपुरी कापली जाते. पण हेच काम कातरीने किंवा ग्राइंडरवरही होतं. इथे एक फार सुंदर चाचणी आहे. चाव्याच्या बरोबर समोरची कड बघा. ब्लँकची कड वर आणताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला तुकडाच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, म्हणून तिथली कड पुसट, सपाट राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. समोरची कड ठणठणीत असेल तर चाव्याबद्दल जोरदार संशय घ्यावा. शिवाय खऱ्या चाव्याजवळ अक्षरं चाव्याकडे ओढल्यासारखी पातळ होतात, कापलेल्या नाण्यात ती कचकन तुटतात.

लाखी नाणं आणि वर्कशॉपचा व्हाइस

आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्यावर दाबली गेली, तर नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि आत गेलेलं येतं. आपल्याकडचे संग्राहक याला 'लाखी' म्हणतात. अशा नाण्याला खरंच मागणी असते, म्हणूनच त्याची नक्कलही होते. कशी? दोन नाणी एकावर एक ठेवून बेंच व्हाइसमध्ये आवळायची!

पण व्हाइस लबाडी लपवू शकत नाही. आवळताना वरच्या नाण्याचा ठसा खालच्यावर उमटतो, पण खालच्याचं स्वतःचं चित्रही तिथे चेपलेल्या अवस्थेत शिल्लक राहतं. खऱ्या लाखीत त्या बाजूला दुसरं चित्र कधी उमटलेलंच नसतं. आणि व्हाइसच्या जबड्याला टेकलेली मागची बाजू सपाट होते. (ज्यांच्या मनात आत्ता वर्कशॉपची किल्ली आली त्यांच्यासाठी: 2011 च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे. शिवाय इन्स्ट्रक्टर सर आहेतच.)

वजन, चुंबक आणि गुजरी

वजन खोटं बोलत नाही. 1992 मध्ये आलेलं स्टेनलेस स्टीलचं एक रुपयाचं नाणं 4.85 ग्रॅम, 25 मिलिमीटर. कुप्रोनिकेलचं दोन रुपयांचं अकरा कोनी नाणं 6 ग्रॅम, पाच रुपयांचं 9 ग्रॅम. आपल्या केमिस्ट्री लॅबचा काटा यासाठी पुरेसा आहे. स्टेनलेसचं नाणं चुंबकाला चिकटतं, कुप्रोनिकेलचं चिकटत नाही. चिकटलं तर 'चुकीच्या धातूचं दुर्मिळ नाणं' म्हणून उड्या मारण्याआधी ते नकली आहे का हे तपासा.

जुन्या चांदीच्या रुपयांची तऱ्हा वेगळी. कोल्हापुरात काय, हुपरीत काय, रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होतीच. कडी काढून टाकलेला रुपया गुजरीत किंवा घरच्या पेटीत मिळतो. त्याच्या वरच्या कडेला डाखाचा ठिपका राहतो, तो उठावदार असतो आणि पहिल्या नियमाने बघितलं तर खुणेसारखा वाटतो! तिथे कडेचे बारीक दातेही भरलेले असतील, धातूचा रंग वेगळा असेल. म्हणून नियम एकटा वापरायचा नाही, दोन-तीन एकदम लावायचे.

राणीच्या रुपयावर मात्र टिंबांना खरंच अर्थ असू शकतो. 1862 हा सन पुढे 1874 पर्यंत तसाच ठेवला गेला, आणि खरं वर्ष ओळखता यावं म्हणून मुंबई टाकसाळीने टिंबं घातली. तिथे टिंब मोजणं म्हणजे वर्ष मोजणं.

आणि हो, नाणं कधीही चिंच, लिंबू, राख लावून घासू नका. पुरावाच धुऊन जातो.

ब्रह्मपुरीने शिकवलेला धडा

आता वाटेल, एवढ्याशा ठशांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर आपल्याच गावात आहे.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी सापडली. त्यांच्यावर धनुष्यबाण आहे आणि भोवती राजांची नावं: वासिठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गोतमीपुत्र विळिवायकुर. हे कुर राजे. नावं मिळाली, पण त्यांपैकी आधी कोण, नंतर कोण? कुणी लिहून ठेवलेलं नाही.

उत्तर दिलं 'खराब' नाण्यांनी. काही नाण्यांवर एका ठशाखाली दुसऱ्या ठशाचे अवशेष दिसत होते. वरवर बघणारा म्हणाला असता, चेपलेलं आहे, टाका बाजूला. पण अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं. सिवलकुराने वासिठीपुत्राच्या नाण्यांवर आपला ठसा मारला होता, आणि गोतमीपुत्राने त्या दोघांच्याही. वरचा ठसा अर्थातच नंतरचा. झालं, तीन राजांचा क्रम लागला! रॅपसन यांनी 1908 साली ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत हा क्रम मांडला. पुढे 1945-46 मध्ये ब्रह्मपुरीवर उत्खनन झालं. तिथल्या वस्तू आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. रविवारी पिक्चरला जाताना वाटेत अर्धा तास काढा.

याच्या उलट गोष्ट शिवराईची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पण हातात येणाऱ्या बहुतेक शिवरायांवर एखादं अक्षर अर्धं, एखादं बाहेर गेलेलं. ही चूक नव्हे, इजाही नव्हे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि ठोका हाताचा, मग सगळी अक्षरं मावणार कुठून? यंत्राच्या नाण्यावर जी चूक ठरते, ती हाताच्या नाण्यावर रीतच असते. म्हणून "अक्षर कापलेली दुर्मिळ शिवराई" असं ऐकलं तर खिशावर हात ठेवा.

थोडक्यात पद्धत

1. नाणं कडेने धरा. एकाच दिव्याचा उजेड तिरका पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. उठाव आणि खड्डा यांच्या सावल्या उलट्या बाजूला पडतात.
2. दहापट भिंगातून खूण बघा: वर की आत? ओठ आहे का?
3. त्याच सनाचं, त्याच टाकसाळीचं साधं नाणं शेजारी ठेवा. एकटं नाणं बघून कधीही निकाल देऊ नका.
4. मागची बाजू आणि समोरची कड बघा.
5. वजन आणि चुंबक.
6. शेवटी स्वतःला विचारा: हा फरक टाकसाळीतल्या नेमक्या कुठल्या पायरीवर झाला असेल? पायरी सांगता येत नसेल तर ती इजा.

आणि ते चाळीस हजार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मेट्रॉलॉजी लॅबमध्ये गेलो. लॅब असिस्टंटना आम्ही सगळे मामाच म्हणतो. "मामा, टूल मेकर्स मायक्रोस्कोप पाच मिनिटं द्या की." मामांनी आधी जर्नल पूर्ण आहे का विचारलं, मग दिला.

खड्ड्याभोवती ओठ होता, आणि तो इतका धारदार होता की नखाला लागत होता. बाकी नाणं हातोहात फिरून गुळगुळीत झालेलं. इतक्या वर्षांत सिंह झिजले आणि ओठ तेवढा झिजला नाही? म्हणजे ठोका अगदी अलीकडचा. मागच्या बाजूला बरोबर त्याच जागी आकडा चेपलेला. मामांनी एकदा डोळा लावला आणि म्हणाले, "हे सेंटर पंचनं मारलंय पोरांनो. रोज बघतो मी असली भोकं."

पार्टनर काही बोलला नाही. खाली येऊन त्याने त्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं की नोंदणीचे पैसे चाळीस हजारांतून कापून घ्या. पलीकडून फोन कट झाला, आणि नंबर कायमचा बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक कसलीही फी घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीच्या 2012 च्या पाच-दहाच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, ही आवईही त्याच जातीची.

माझा फॉर्म वेळेत भरला गेला. त्याचाही. पार्टनर दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी मेसमधून आला तो मूठभर चिल्लर घेऊन, टेबल लॅम्प तिरका केला आणि म्हणाला, "भावा, भिंग दे जरा. हा तारा आहे की तुंबलेलं टिंब?"

तेव्हापासून आमच्या रूममध्ये प्लॅस्टिकचे दोन डबे आहेत. एकावर लिहिलंय 'खूण', दुसऱ्यावर 'खोक'. दुसरा डबा लवकर भरतो आणि त्यातल्या पैशांत आम्ही चहा पितो. पहिल्यात अजून चारच नाणी आहेत. कुणालाही बघायची असतील तर रात्री जेवणानंतर या. फक्त भिंग आपापलं आणा!